थ्रीडी प्रिंटिंग प्रोजेक्टमधून शिकवायचं तर मुलांच्या हाती प्रिंटर तिसऱ्या आठवड्यात द्या

आयटीआय म्हणा, पॉलिटेक्निक म्हणा, नाहीतर कम्युनिटी कॉलेजचा सहा आठवड्यांचा कोर्स म्हणा, थ्रीडी प्रिंटर आला की पहिल्या दिवशी गणपती छापला जातो, दुसऱ्या दिवशी कीचेन, आणि तिसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं जातं की आता आपापला प्रोजेक्ट करा. मग मुलं नेटवरून तयार फाइल उतरवतात, प्रिंटला लावतात, फोटो काढतात, रिपोर्टात चिकटवतात आणि कोर्स संपतो. त्यातल्या एखाद्या पोराला विचारा की बाबा, हे भोक तू ५ मिमीचं काढलंस ते ४.८ का आलं, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. ह्यात त्याची चूक नाहीये, त्याला कुणी ते भोक मोजायलाच लावलेलं नसतं.

मी आयटीआयला शिकवते, आणि सुरुवातीच्या दोन बॅचना मीही असंच शिकवलं. नंतर क्रम बदलला आणि तेवढ्यानेच बराच फरक पडला. तो क्रम इथे लिहितेय, कारण फोन करून विचारणारे बहुतेक जण प्रिंटरचं मॉडेल कुठलं घेऊ ते विचारतात, क्रम कुणीच विचारत नाही.

हिशेबासाठी एक साधी परिस्थिती धरू. २० मुलं, चार-चारचे पाच गट, दोन एफडीएम प्रिंटर (प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर, म्हणजे लेअरवर लेअर, रचणारे), २२० बाय २२० मिमीचा बेड (ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट), ०.४ मिमीची नोझल (वितळलेलं प्लास्टिक जिथून बाहेर येतं ते टोक), आणि सहा आठवडे.

## टप्पा १: बॅचच्या आधीचे आठ दिवस

हे आठ दिवस तुमचे आहेत, मुलांचे नाहीत. इथे कंटाळा केलात तर पुढचे सहा आठवडे तुम्ही शिकवायचं सोडून मशीन दुरुस्त करत बसणार.

आधी मशीनचे तास मोजा. प्रत्येक गटाला चार प्रिंट मिळायलाच हव्यात, कारण पहिली बिघडते, दुसरी बसत नाही, तिसरी बसते पण मोडते, आणि चौथीत काम होतं. एक प्रिंट जास्तीत जास्त दोन तासांची धरली तर पाच गट गुणिले चार गुणिले दोन म्हणजे ४० तास. दोन मशीन दिवसाला सहा-सहा तास चालली तर बारा तास मिळतात, म्हणजे कागदावर साडेतीन दिवसांचं काम. प्रत्यक्षात लाईट जाते, जॉब (छापला जाणारा तुकडा) बेडवरून सुटतो, मुलं उशिरा येतात, म्हणून दुप्पट धरा, सात दिवस. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची झुंबड उडते ती हा हिशेब आधी न केल्यामुळे.

मालाचंही तसंच. एका प्रिंटला ३० ग्रॅमची मर्यादा घातली तर वीस प्रिंटना ६०० ग्रॅम होतात, त्यात टेस्ट पीस आणि वाया जाणारं धरून दीड किलो. दोन किलो मागवा, एक रीळ पीएलए आणि एक पीईटीजी, ही तारेच्या प्लास्टिकच्या दोन जातींची नावं. १.७५ मिमीच्या पीएलएच्या एक किलो रिळात साधारण ३३० मीटर तार असते, म्हणजे मीटरला तीन ग्रॅम, हा आकडा मुलांना तोंडपाठ करायला लावा, पुढे कॉस्टिंगला लागतो. आणि इंडेंट (मालाची मागणी) महिनाभर आधी टाका, स्टोअरकडून माल यायला किती दिवस लागतात ते मी सांगायला नको.

मग मशीन तपासा. एक्सट्रूडरच्या (तार आत ढकलणाऱ्या भागाच्या) तोंडापासून १२० मिमीवर तारेला मार्करने खूण करा, नोझल गरम करून १०० मिमी तार सोडायला सांगा, खूण आता तोंडापासून २० मिमीवर यायला पाहिजे. २५ वर राहिली तर मशीन ९५ च सोडतंय, तेवढं सेटिंग दुरुस्त करा. त्यानंतर २० मिमीचा ठोकळा छापून तिन्ही बाजू मोजा आणि आकडे मशीनवर कागद चिकटवून लिहा. ही वीस मिनिटांची गोष्ट आहे पण बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि मग मुलाचं डिझाइन चुकलं की मशीन चुकलं हे कुणालाच कळत नाही.

सामानात व्हर्नियर म्हणजे बारीक माप घ्यायची जबड्याची पट्टी (निदान पाच, गटाला एक), पितळी नोझल पाच-सहा, पातळ पत्र्याची पट्टी, कटर, बारीक कानस, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि हातमोजे एवढं असलं की चालतं.

कोकणात किंवा कुठेही पावसाळ्यात बॅच असेल तर तारेची काळजी वेगळी घ्या. ओलावा धरलेली तार नोझलमधून येताना चटचट आवाज करते, पार्टवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात, पीएलए तर हातात धरल्यावर काडीसारखी तुटते. धान्याचा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पाकिटं, एवढं पुरतं. ओली झालीच तर पीएलए ४५ ते ५० डिग्रीला चार-सहा तास वाळवा, त्याच्या वर नेऊ नका, रिळावरच वेटोळी एकमेकांना चिकटतात.

थांबा: पहिल्या बॅचला एबीएस (तारेची आणखी एक जात) आणि रेझिन प्रिंटर (तारेऐवजी पातळ रेझिन वापरणारा) दोन्ही नकोत. एबीएसचा धूर बंद खोलीत त्रास देतो आणि पार्टचे कोपरे उचलतात ते वेगळंच. ओलं रेझिन कातडीला लागलं की काही मुलांना कायमची अ‍ॅलर्जी बसू शकते, आणि ते बेसिनमध्ये ओतताही येत नाही.

## टप्पा २: प्रोजेक्ट निवडणं, इथेच निम्मं ठरतं

माझा नियम एकच आहे, प्रिंट केलेली वस्तू आधीपासून असलेल्या दुसऱ्या वस्तूला बसली पाहिजे. मूर्ती कशालाच बसत नाही, म्हणून तिच्यात चूक दिसत नाही, म्हणून तिच्यातून शिकायलाही काही नाही. मिक्सरचं फुटलेलं बटण, शिलाई मशीनच्या बॉबिनचा डबा, खिडकीच्या गजाला अडकवायचा हुक, वर्कशॉपमध्ये ड्रिलचे बिट लावून ठेवायचा स्टँड, काम करताना जॉब पक्का धरून ठेवायचा छोटा फिक्श्चर, असल्या गोष्टी चालतात. फिक्श्चर तर फारच चांगलं, कारण कारखान्यात नोकरीला गेल्यावर मुलांच्या हातून प्रिंटरवर बहुधा हेच होणार आहे.

दुसरं, त्या वस्तूला मालक पाहिजे. शेजारच्या काकू, मेसचे मामा, टर्नर ट्रेडचे सर, कुणीही, पण जो म्हणेल की हे बसत नाही, परत घेऊन जा. तुम्ही मास्तर म्हणून 'छान झालंय' म्हणाल, मेसचे मामा म्हणणार नाहीत.

गट निवडीला येतील तेव्हा एवढं विचारा: मोडलेला तुकडा किंवा जोडीची वस्तू हातात आहे का, ३० ग्रॅम आणि दोन तासांत बसेल का, तुटलं तर कुणाला इजा होईल का, आणि बाजारात दहा रुपयांना मिळतं का. इजेचा प्रश्न फार गंभीरपणे घ्या. गाडीच्या ब्रेकचं, गॅसच्या शेगडीचं, लाईटच्या उघड्या जोडणीचं, लहान मुलाच्या तोंडात जाणारं काहीही नको, कितीही सोपं दिसलं तरी नको. पाण्याचा पेला, टिफिनचं झाकण हेही नको, दोन लेअरमधल्या बारीक फटीत अन्न अडकतं आणि ते धुवून निघत नाही.

नेहमीची चूक: मुलं मोठी स्वप्नं घेऊन येतात, ड्रोन, रोबोटचा हात, वगैरे. मन मोडायचं नाही, पण त्यातला एकच सांधा करायला सांगा. एक सांधा नीट बसवला तर त्याला बाकीचा हात पुढे जमतो, आणि अख्खा हात अर्धवट राहिला तर त्याला काहीच येत नाही.

## टप्पा ३: पहिला आठवडा, व्हर्नियर आणि पेन्सिल

कॉम्प्युटर बंद, प्रिंटर बंद. मुलं कुरकुरतात, कुरकुरू दे.

मोडलेला तुकडा टेबलावर ठेवायचा आणि गटातल्या चौघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचं न बघता. प्रत्येक माप तीनदा, तीन जागी. मग चारही कागद शेजारी ठेवायचे. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे तेवढं बारीक माप दाखवणाऱ्या) व्हर्नियरवर एकाच दांडीची चार मुलांची चार मापं येतात, कधीकधी अर्ध्या मिलिमीटरचा फरक, कारण एकाने जबडा तिरका धरला, एकाने दाबून धरला, एकाने शून्याची चूक बघितलीच नाही. त्या चार कागदांवरून जी वादावादी होते ना, ती होऊ द्या, मध्ये पडू नका. मोजमापाचा तास ह्याहून चांगला मला तरी घेता आलेला नाही.

त्यानंतर हाताने स्केच, तीन बाजूंनी, मापं घालून. प्रत्येक मापापुढे एक खूण: हे माप 'बसायचं' आहे की 'मोकळं'. बसायचं म्हणजे दुसऱ्या वस्तूला लागणारं, तिथे चूक चालत नाही. मोकळं म्हणजे मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी बिघडत नाही. एका पार्टमध्ये बसायची मापं सहसा चार-पाचच निघतात आणि सगळी मेहनत तिथेच घ्यायची असते, हे मुलांना ह्या खुणांवरून आपोआप कळतं.

तपासा: स्केच गटाबाहेरच्या मुलाला द्या आणि त्याला विचारा, ह्यावरून तुला पार्ट काढता येईल का? त्याने एकही माप विचारलं तर स्केच अपुरं आहे, परत पाठवा.

## टप्पा ४: कॅड

कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचं डिझाइन काढणं. सॉफ्टवेअरवर भांडू नका. फ्रीकॅड फुकट आहे आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं, नेट चांगलं असेल तर ऑनशेप, अगदीच नवीन मुलं असतील तर पहिले दोन दिवस टिंकरकॅड. पण टिंकरकॅडवर थांबू नका, त्यात माप बदलायचं झालं की ठोकळे परत रचत बसावं लागतं, आणि आपल्याला मापं सारखी बदलायची आहेत.

इथे एकच सवय लावायची. बसायची मापं सगळी एका तक्त्यात, नाव देऊन. 'भोक_व्यास', 'बाही_रुंदी' असं. उद्या भोक ५.२ चं ५.४ करायचं झालं तर एका जागी आकडा बदलला की झालं. जी मुलं आकडे थेट स्केचमध्ये टाकतात ती तिसऱ्या प्रिंटच्या वेळी रडकुंडीला येतात.

क्लिअरन्स, म्हणजे दोन वस्तूंमधली मोकळी जागा, किती ठेवायचा हे हमखास विचारलं जातं. ०.४ नोझलवर सुरुवात म्हणून सरकत्या फिटला ०.३ ते ०.४ मिमी, घट्ट बसायला ०.१ ते ०.२, पण हा आकडा अंतिम धरू नका, तुमच्या मशीनचा खरा आकडा टप्पा ६ मध्ये निघतो. भोकं नेहमी काढल्यापेक्षा थोडी लहान येतात, आणि खालची कड पहिल्या लेअरच्या दाबाने बाहेर फुगते, म्हणून बेडला टेकणाऱ्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची तिरकी धार मारून ठेवा.

फाइल काढताना एक खबरदारी. कॅडमधून प्रिंटसाठी काढतात त्या एसटीएल फाइलमध्ये युनिट नसतं, नुसते आकडे असतात. इंचात काढलेला पार्ट स्लायसरमध्ये (डिझाइनचे थर पाडून प्रिंटरसाठी सूचना बनवणारं सॉफ्टवेअर) मिलिमीटर समजून उघडला की २५.४ पट लहान दिसतो, मुंगीएवढा, आणि मुलं तो ओढून 'अंदाजे' मोठा करतात. अंदाजे मोठं करणं म्हणजे पहिला आठवडा पाण्यात. जमेल तिथे थ्रीएमएफ हा फाइलचा प्रकार वापरा, त्यात युनिट राहतं.

## टप्पा ५: स्लायसर वाचायला शिकवा

बहुतेक जण स्लायसरमध्ये पार्ट टाकतात, बटण दाबतात आणि जी-कोड (मशीनसाठीच्या सूचनांची फाइल) घेऊन मशीनकडे पळतात. माझ्याकडे एक पूर्ण दिवस फक्त प्रिव्ह्यू बघण्यात जातो. सरकपट्टी खालून वर हळूहळू न्यायची आणि प्रत्येक गटाने सांगायचं की पहिला लेअर कुठे टेकतोय, हवेत काय लटकतंय, भिंती किती आहेत, कुठला भाग एवढा बारीक आहे की तो छापलाच जात नाहीये.

४५ अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकलेला भाग आला की विचारायचं, सपोर्ट (खालून छापलेला तात्पुरता टेकू) लावणार की पार्ट फिरवणार की डिझाइन बदलणार? पहिलं उत्तर नेहमी सपोर्ट असतं. शेवटचं उत्तर बहुतेक वेळा डिझाइन बदलणं असायला पाहिजे, कारण सपोर्टला वेळ लागतो, माल लागतो, आणि काढल्यावर खालची बाजू खरबरीत राहते, आणि नेमकं बसायचं माप तिथेच असतं.

ताकदीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाका. मजबूत हवं म्हणून मुलं इनफिल (पार्टच्या आतला भराव) ८० टक्के करतात, प्रिंट पाच तासांची होते आणि तरी मोडते. आधी भिंती वाढवा, दोनच्या चार करा, इनफिल २० ते ३० टक्के पुरतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दिशा, लेअर ज्या बाजूला एकमेकांवर बसतात त्या बाजूला पार्ट सगळ्यात कच्चा असतो. हे तोंडी सांगून पटत नाही, त्यामुळे टप्पा ८ पर्यंत थांबा.

तपासा: स्लायसरने दाखवलेला वेळ, ग्रॅम आणि एक्स, वाय, झेड मापं लॉगबुकात लिहिल्याशिवाय मेमरी कार्ड हातात द्यायचं नाही.

## टप्पा ६: अख्खा पार्ट छापू नका, आधी टेस्ट पीस

तिसऱ्या आठवड्यात प्रिंटर सुरू होतो आणि पहिली प्रिंट पार्टची नसते. ३ मिमी जाडीची एक पट्टी, तिच्यात ५.०, ५.१, ५.२ असं करत ५.५ पर्यंत सहा भोकं, वीसेक मिनिटांत होते. ज्या दांडीला बसवायचं ती दांडी प्रत्येक भोकात घालून बघायची, कुठे अडकते, कुठे सरकते, कुठे खुळखुळते. तो आकडा तुमच्या मशीनचा, तुमच्या तारेचा, आणि तोच तक्त्यात भरायचा.

दुसरा टेस्ट पीस म्हणजे पार्टचा फक्त बसायचा भाग कापून छापणं. सहा सेंटीमीटरच्या हुकची फक्त गजाला पकडणारी वाटी छापली तर चार ग्रॅम आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात. बसली तर पुढे जा. अख्खा हुक छापून तो बसला नाही तर दोन तास आणि ३० ग्रॅम गेले, आणि मागच्या गटाचा स्लॉटही गेला.

दोन्ही मशीनवर तीच पट्टी छापा. दोन मशीनचे आकडे एक येत नाहीत, आणि ज्या मशीनवर टेस्ट पीस काढला त्याच मशीनवर पार्ट काढायचा हे मुलांना तिथे कळतं.

## टप्पा ७: स्लॉट, पहिला लेअर, आणि हात सांभाळणं

स्लॉटचा तक्ता भिंतीवर लावा, दोन-दोन तासांचे तीन, दोन्ही मशीनचे मिळून दिवसाला सहा. आजची प्रिंट अपयशी गेली तर तोच गट लगेच परत लावणार नाही, रांगेत मागे जाणार. कठोर वाटतं पण ह्यामुळे मुलं लगेच परत बटण दाबायच्या ऐवजी का बिघडलं ते बघायला बसतात.

पहिला लेअर संपेपर्यंत गटातलं एक माणूस मशीनसमोर उभं. रेघा एकमेकींना चिकटल्या पाहिजेत, मध्ये फट नको, आणि नोझलने खरवडल्यासारखं दिसायलाही नको. रेघ गोल दोऱ्यासारखी नुसती पडून राहिली तर नोझल उंच आहे. बेडला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने तेवढ्याच जागी जॉब सुटतो. सुटायलाच लागला तर बेड भांड्याच्या साबणाने धुवून पूर्ण कोरडा करा, माझ्याकडे निम्म्या तक्रारी एवढ्यानेच संपल्या.

लाईटचा प्रश्न असेल तर यूपीएस लावा, सेकंदभर लाईट डुचमळली तरी मशीन रीसेट होतं. गेलेल्या जागेपासून परत सुरू करायची सोय बऱ्याच मशीनना असते पण तोवर बेड थंड होतो आणि जॉब निसटतो, त्यावर भरवसा ठेवू नका.

थांबा: रात्री मशीन चालू ठेवून घरी जायचं नाही. २०० डिग्रीच्या वर तापलेली नोझल आहे ती. खोलीत अग्निशामक हवा आणि तो चालवता येणारं माणूसही हवं. ओढणी, मोकळे केस, हातातला धागा बेल्टपासून लांब. आणि सगळ्यात जास्त जखमा नोझलने होत नाहीत, जॉब काढताना पत्र्याची पट्टी सटकून डाव्या हातात जाते, म्हणून बेड थंड होऊ द्या, बरेच जॉब आपोआप सुटतात, आणि पट्टी नेहमी शरीरापासून दूर ढकलायची.

गटातली कामं रोज फिरवा. एकजण मोजणार, एक कॅडवर, एक मशीनवर, एक लॉगबुक. नाही फिरवलीत तर काय होतं ते मी पाहिलंय, एकच मुलगा सहा आठवडे कॅड करतो आणि गटातल्या मुलीला 'तुझं अक्षर चांगलं आहे, तू रिपोर्ट लिही' म्हणून बसवून ठेवतात. अशी एक मुलगी शेवटच्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मी अजून नोझल बदललेली नाहीये." मला ते फार लागलं. तेव्हापासून कामाचा तक्ता माझ्या सहीने निघतो.

## टप्पा ८: मोडलेला जॉब हेच पुस्तक

एक प्रोजेक्ट जरा जवळून सांगते. कूलरच्या समोरच्या हलत्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या एकीची टोकाची पिन मोडलेली, पट्टी लोंबत होती. पट्टी ३०० मिमी लांब, बेड २२० चा. गटाने दोन दिवस पट्टी तिरकी बसवून बघितली, मग दोन तुकड्यांत छापून चिकटवायचा विचार केला. त्यांना फक्त एवढंच विचारलं, पट्टी मोडलीय का? नाही. मग पट्टी कशाला छापताय? तिथून त्यांनी टोपी डिझाइन केली, पट्टीच्या टोकावर चढणारी छोटी बाही आणि तिच्यातून बाहेर आलेली पिन. जिथे पिन बसायची ते भोक ५.२ चं, पिन ४.९ ची.

पहिल्यांदा बाहीचं तोंड खाली आणि पिन वर अशी उभी छापली. दिसायला सुंदर. बसवताना जरा तिरकी झाली आणि पिन मुळापासून कट्कन गेली. तुटलेली जागा हातात घेऊन बघितली तर एकदम सपाट, खडबडीत सुद्धा नाही, बरोब्बर दोन लेअरच्या मधून. लेअरची दिशा म्हणजे काय हे त्या दिवशी अख्ख्या वर्गाला समजलं, तो तुकडा वीस हातांतून फिरला.

दुसऱ्यांदा आडवी छापली. पिन आता मोडेना, पण सपोर्ट काढल्यावर खालून चपटी आणि खरबरीत झाली, भोकात अडकायला लागली, पट्टी फिरेना. तिसऱ्यांदा कानसने घासून बघितलं, मग खुळखुळायला लागली. चौथ्या वेळी त्यांच्यातलाच एक फिटरचा मुलगा म्हणाला की पिन छापायचीच कशाला, एम ५ चा बोल्ट घालू. बाहीच्या आत बोल्टचं षटकोनी डोकं बसेल असा ८.३ मिमीचा खळगा, कारण एम ५ चं डोकं ८ मिमीचं असतं, आणि दांडा बाहेर. तोंड खाली ठेवून छापली, खळग्यावरचा छोटा पूल नीट आला, बोल्ट ठोकून बसवला. पट्टी फिरली.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण 'शंभर टक्के प्रिंटेड' असावं असा हट्ट मास्तर लोकांचा पण असतो. जिथे बोल्ट चालतो तिथे बोल्ट घाला. काय छापायचं नाही हे कळणं हा ह्या विषयाचा मोठा भाग आहे.

प्रत्येक अपयशाची लॉगबुकात नोंद चार ओळींची: काय झालं, कुठे झालं, आम्हाला काय कारण वाटतं, पुढच्या वेळी कोणती एकच गोष्ट बदलणार. एकच, हे ठासून सांगा. मुलं टेंपरेचर, स्पीड आणि भिंती एकदम बदलतात, प्रिंट सुधारते, आणि कशाने सुधारली ते कळत नाही.

## टप्पा ९: पार्ट वापरात द्या आणि दहा दिवस थांबा

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला पार्ट मालकाकडे गेला पाहिजे, म्हणजे सहावा संपायच्या आत कळतं. टेबलावर बसलेला पार्ट वापरात टिकेलच असं नाही. एका गटाने स्कूटरला पिशवी अडकवायचा हुक पीएलएमध्ये केला, वर्गात पाच किलो लटकवून दाखवले, टाळ्या झाल्या. मे महिन्यात दुपारी उन्हात गाडी, हुकाला पिशवी, संध्याकाळी हुक जिभेसारखा खाली आलेला. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतो, आणि उन्हातल्या गाडीवर तेवढं तापमान सहज होतं. तोच हुक पीईटीजीमध्ये, नोझल २४० आणि बेड ८० ठेवून परत छापला, तो टिकला.

मालकाला भेटायला मुलं स्वतः जातील, तुम्ही नाही. आणि त्यांनी विचारायचं ते 'आवडलं का' नाही, तर 'कधी काढून ठेवावं लागलं, आणि का'.

## टप्पा १०: मार्क आणि तोंडी

माझं वाटप असं: मोजमापाचा तक्ता आणि स्केच २०, कॅड फाइल आणि तिच्यातला मापांचा तक्ता २०, लॉगबुक २५, पार्टची फिट आणि वापर २०, तोंडी १५. लॉगबुकाला सगळ्यात जास्त आहेत, आणि चारही प्रिंट फसलेल्या गटाला सुद्धा त्यात पैकीच्या पैकी मिळू शकतात. हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलं मोडलेले जॉब लपवतात.

तोंडी एकेकट्याची. गटातल्या कुणाच्याही हातात मोडलेला तुकडा द्यायचा आणि विचारायचं, हा असा का मोडला? मग कॅड उघडून एक माप बदलायला सांगायचं, दोन मिनिटांत. ज्याने काम केलंय त्याला जमतं.

एक प्रश्न मी हल्ली सगळ्यांना विचारते. इस्रोने २०२४ च्या मे महिन्यात पीएस४ इंजिनाची (पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन) चाचणी केली, आधी १४ भाग जोडून होणारं इंजिन त्यांनी धातूच्या प्रिंटिंगने एकसंध केलं, १९ वेल्ड वाचले. त्यांनी चौदाचं एक केलं आणि कूलरच्या गटाने एकाचे दोन केले, टोपी वेगळी आणि बोल्ट वेगळा, तर कोण बरोबर? ज्या पोराला वेल्ड हा कच्चा दुवा असतो हे कळलंय आणि लेअरही कच्चा दुवा असू शकतो हेही कळलंय, तो पाच मिनिटं बोलतो. त्याच ओघात विचारा की आयएसओ/एएसटीएम ५२९०० ह्या आंतरराष्ट्रीय मानकात ह्या कामाच्या सात पद्धती दिल्यात, आपल्या लॅबमधली त्यातली कोणती आणि इस्रोने कोणती वापरली असेल. सहा आठवडे एकच मशीन बघून थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे प्लास्टिकची तार असा समज घेऊन मूल बाहेर पडायला नको.

तोंडी झाली की मोडलेले जॉब फेकू नका. प्रत्येक तुकडा छोट्या पिशवीत, वर चिठ्ठी: मशीन कोणतं, तार कोणती, छापताना कुठली बाजू खाली होती, कुठे मोडला. चिठ्ठी ज्या गटाने मोडला त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि पिशव्या डब्यात भरून मशीनशेजारी ठेवा, पुढच्या बॅचच्या पहिल्या तासाला तोच डबा लागतो.